शैलूचं फाइन

"माणिकताई, जल्दी या हो! शैलूचा फोन!"

मंगलावहिनींनी भिंतीवरून हाक मारली तेव्हा माणिकबाई तयारच बसल्या होत्या. फ्रीगंजातल्या त्या गल्लीत फोन एकाच घरी, वहिनींच्या. रविवारी सकाळी तिकडे अमेरिकेत शनिवारची रात्र असते, आणि कॉम्प्युटरच्या नोकरीवर गेलेला शैलू नेमका तेव्हाच फोन करतो. बाई त्यासाठी आंघोळ उरकून, धुवट पातळ नेसून बसत. जसं काही तारेतून पातळ दिसणार होतं!

आज मात्र मन पक्कं केलं होतं. यजमान वसंतराव जाऊन वर्ष व्हायला आलं. घर खायला उठत होतं. बोलायला माणूस नाही म्हणून बाई कुकरशी बोलायला लागल्या होत्या, आणि परवा त्याच्या शिट्टीला त्यांनी "आले हो" असं उत्तर दिलं तेव्हा त्यांना स्वतःचीच भीती वाटली. आज शैलूला सरळ सांगायचं, "बाबा रे, मला एकटीला आता राहवत नाही. येऊन मला घेऊन जा." पोळ्या लाटताना, देवाला फूल वाहताना, आठवडाभर हेच वाक्य घोकून झालं होतं.

वहिनी दिवाणावर भैरवगडी छापाची चादर आवरून घेऊन मटार सोलत बसल्या होत्या. "बसा, आराम से बोला," त्या म्हणाल्या. पण उठून आत जातील तर शपथ! फोन त्यांचा, बैठक त्यांची, कानही त्यांचेच.

"हॅलो, शैलू? कसा आहेस रे?"

"फाइन, आई!"

माणिकबाई डोळे मिटून ऐकत राहिल्या. इंग्रजीच्या नावानं त्यांची पाटी कोरी. पण या एका शब्दात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. शैलूचं फाइन तुटक आलं की ऑफिसात कोणीतरी बोललंय. शेवटी घसरत खाली गेलं की सकाळपासून पोटात काही नाही. "फाइन, फाइन" असं दोनदा आलं की बायकोशी, केतकीशी वाजलंय आणि ती तिथेच उभी आहे. मागच्या उन्हाळ्यात एकदा तो इतकं गोड फाइन म्हणाला, की बाईंच्या काळजात धस्स झालं. घरी येऊन त्यांनी महाकाळाला अभिषेक बोलून टाकला. त्याची नोकरी गेली होती. शैलूनं ते सांगितलं दुसरी लागल्यावर, दोन महिन्यांनी. बाई तेव्हा "हो का?" एवढंच म्हणाल्या.

पण आजचं फाइन असं-तसं नव्हतं. लहानपणी पहिला नंबर आला की तो जिन्यातूनच "आईऽऽ" म्हणून ओरडत यायचा, तो आवाज होता त्यात. किती दिवसांनी ऐकला तो, माझ्या बाई!

"आई, तू आजी होणार! केतकीला तिसरा महिना आहे. तिची आई येतेय बाळंतपणाला. सहा महिने राहतील म्हणे, व्हिसाचं बघतोय आता."

"अरे माझ्या राजा!" बाईंना खरंच आनंद झाला. "बरोबर आहे रे. पहिलं बाळंतपण माहेरचंच असतं. त्यांना येऊ दे."

"आणि तू कशी आहेस?"

आठवडाभर घोकलेलं वाक्य ओठांशी येऊन उभं होतं. पण पोराच्या दुधात मिठाचा खडा टाकायचा कोणी? आईनं? बरं, "बरी आहे" म्हणावं, तर त्या दोन शब्दांत रडू फुटणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मराठीत खोटं बोलायला त्यांना जन्मात जमलं नव्हतं.

"फाइन," माणिकबाई म्हणाल्या.

वहिनींचा अंगठा मटारच्या शेंगेत तसाच राहिला. त्यांनी मान वर करून बाईंकडे पाहिलं.

तिकडून काहीच आलं नाही. त्याला कळलं, बाईंना वाटलं. कळणारच. माझ्या पोटचा आहे तो.

मग शैलू खदखदून हसला.

"अगं आई! काय फर्स्टक्लास म्हणालीस! केतकी, इकडे ये, आई इंग्लिश बोलायला लागली! आई, परत एकदा म्हण ना. केतकीला ऐकव."

रिसीव्हर या हातातून त्या हातात गेल्याची खरखर ऐकू आली. माणिकबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि वहिनींकडे पाठ केली.

"फाइन," त्या म्हणाल्या. या वेळी जास्त चांगलं जमलं.