खाटेवरचा धनी

जेरुसलेमच्या इस्पितळात लढवय्या संन्याशांचा कडक नियम होता: खाटेवरचा रुग्ण कुठल्याही धर्माचा असो, तो धनी आणि आपण त्याचे चाकर. काळ्या झग्यावर पांढरा क्रूस मिरवणारा गोतिए गुडघे टेकून म्हणाला, "धनी, पेज घ्या." भाजलेला बरहूम त्या ओळखीच्या घाऱ्या डोळ्यांवर थुंकला. "परवा माझं गाव पेटवलंस, आज पेज भरवतोस?" गोतिएने चेहरा पुसला आणि चमचा पुन्हा पुढे केला. "धन्यांची सेवा हेच आमचं व्रत." "मग हुकूम ऐक. माझी दोन्ही पोरं विहिरीत तरंगतायत. जा, त्यांना बाहेर काढून माती दे." गोतिएने चमचा खाली ठेवला. "तुमचा हुकूम या खाटेपुरता, धनी. गावात आमच्या सरदाराचा चालतो." बरहूमने होरपळलेल्या हातांनी खाटेच्या कडा घट्ट धरल्या. "मग बघतोस काय, चाकरा? खाटच उचल आणि चल गावात!"