फर्मानाआधीची शेळी

शेळी कापून झाल्यावर बेहराम चाऊशाने विचारलं, "दूध देत होती काय गं ही?"

"सकाळपर्यंत देत होती," साती आजी म्हणाली.

चाऊश खो खो हसला. त्याला वाटलं, म्हातारीने विनोद केला.

चाऊश म्हणजे पादशहाचा हुकूम पोचवणारा शिपाई; तो राजधानीहून फर्मान घेऊन आला होता, सोबत चार स्वार. असे साहेब आले की त्यांनी बोट दाखवायचं आणि आम्ही सुरी आणायची, ही आमच्या डोंगरातली रीतच. कराओरेन गावात दुभतं जनावर हे एवढंच उरलं होतं; बाकीची आधीच्या साहेबांच्या पोटात गेली. साती आजीची सून बाळंतपणात वारली, आणि तिची तान्ही पोर या शेळीच्या दुधावर तगली होती. संध्याकाळी शेळीची घंटा दारात वाजली की पोर रडायची थांबून ओठ चोखायला लागायची. आजीने हे सगळं चाऊशाच्या पाया पडून सांगितलं होतं. त्याने ऐकल्यासारखं केलं आणि मांसात मीठ जरा बेताने घाला म्हणाला.

अक्रोडाखाली गालिचा अंथरून पाचही जण बसले. आणि काय ते जेवण! मनगटापर्यंत ओघळ. हाडं फोडून आतलं सुर्रकन ओढायचे, कुरतडलेला तुकडा परातीत भिरकावायचे आणि मग तोच चाचपून पुन्हा तोंडात घालायचे. चाऊशाच्या मिशीत चरबी गोठली होती. बघणाऱ्याला ओकारी यावी. आणि बघायला तर सगळं गाव उन्हात उभं होतं, कारण फर्मान वाचून होईपर्यंत बसायची परवानगी नव्हती.

म्हातारा मेंढपाळ दुर्मुश कारभाऱ्याच्या कानाला लागला. "बेकिर, हिवाळ्यात धरलेला लांडगा परवडला रे. त्याच्या गळ्यात निदान घंटा तरी बांधून सोडला आपण. जाईल तिथे कळप आधीच पसार. मेला की भुकेनं."

"काय म्हणतोय रे थेरडा?" चाऊशाने मान वर केली.

"जेवण आवडलं का विचारतोय, आगा," बेकिर घाईघाईने म्हणाला.

"चिवट होती. म्हातारी झाली होती शेळी." चाऊशाने लांबलचक ढेकर दिली आणि तसल्याच हातांनी रेशमी पिशवीतून फर्मान काढलं.

गावच्या इमामांनी ते डोक्याला लावून वाचलं. अर्ध्याहून अधिक पादशहाच्या पदव्याच होत्या, उरलेलं कोणाच्या बापाला कळत नव्हतं. शेवटी आजीच म्हणाली, "इमामसाहेब, आमच्या भाषेत सांगा की."

इमाम खाली बघत म्हणाले, "पादशहा म्हणतात, आमच्या कानावर रयतेचं रडणं आलं आहे. यापुढे आमचा कोणीही माणूस रयतेच्या दारात फुकट उतरणार नाही. जव, मध, कोंबडी, शेळी, काही फुकट घेणार नाही. घेईल त्याची गय नाही."

"शेळी म्हणालात?"

"हो. शेळीसुद्धा आहे त्यात."

आजी चाऊशापुढे जाऊन उभी राहिली. "मग माझी?"

"म्हातारे," चाऊश दात कोरत समजावून सांगू लागला, अगदी मायेने, "फर्मान वाचल्यापासून लागू. तुझी शेळी त्याच्या आधीची."

"मग आधी का नाही वाचलं?"

"उपाशीपोटी पादशहाचं नाव घेऊ? बेअदबी होईल ती!"

स्वार हसले. गावातलं कोणी आजीच्या बाजूने पुढे झालं नाही. शरम वाटावी असे आम्ही सगळे पुतळ्यासारखे उभे होतो. मग रिवाजाप्रमाणे एकेक जण पुढे होऊन फर्मानाला ओठ लावू लागला. आजीची पाळी आली. तिने फर्मान तोंडाशी नेलं आणि तिचा हात थांबला. त्याला तिच्याच शेळीच्या चरबीचा वास येत होता.

"लाव की ओठ," चाऊश म्हणाला.

तिने लावले.

घोड्यांवर खोगीर चढलं. चाऊशाने कारभाऱ्याला विचारलं, "ताशपनारला पोचेन ना अंधाराआधी? काय मिळतं तिथे?"

"मेंढरं आहेत, आगा."

"झकास. तिथेही आधी जेवण, मग फर्मान."

घरात पोर रडायला लागली होती. आजी आत गेली. आम्हाला वाटलं, पोरीला घ्यायला गेली असेल. पण ती बाहेर आली ती शेळीची घंटा घेऊन. चाऊशाच्या घोड्याच्या गळ्यात तिने ती दोन गाठी मारून घट्ट बांधली.

"हे काय आणि?"

"उताराची वाट आहे, आगा. कोणाची नजर लागायला नको."

"बघा रे!" चाऊश स्वारांकडे वळला. "फर्मान कानावर पडलं की रयत कशी दुवा देते!"

बेकिरने तोंड फिरवलं. दुर्मुशने मात्र काठी उचलली आणि ताशपनारच्या मेंढपाळांना या घंटेची खूण सांगायला तो झुडपांतल्या आडवाटेने धावत सुटला. त्या वयात माणूस एवढा धावतो हे आम्ही पहिल्यांदाच पाहिलं.

स्वार उताराला लागले. घंटा वाजत वाजत खाली चालली.

घरात पोरीने तो आवाज ऐकला. ती रडायची थांबली आणि ओठ चोखायला लागली.