वहीतला क्रम

ऑगस्टमधले सकाळचे ऊन कचेरीच्या दक्षिणेकडच्या खिडकीतून आत उतरत होते. प्रथम ते चौकटीवर थांबले. तिथे उताण्या पडलेल्या माशीचे पंख त्याने क्षणभर उजळले. मग ते जमिनीच्या ओक लाकडाच्या फळ्यांवर आले आणि एकेक फळी ओलांडू लागले, इतके सावकाश की पाहणाऱ्याला ते जागचे हलले नाही असेच वाटावे. त्यात विशेष असे काही नव्हते. धूळ होती, तंबाखूचा एक जुना डाग होता. पण न्यायाधीश लायसँडर प्रुएट याची त्या उन्हाशी सहा वर्षांची ओळख होती. सातव्या फळीवर ऊन आले की नऊ वाजत. अकराव्या फळीवर आले की साक्षीदार जांभया देऊ लागत. आज मात्र तो उंच आसनावर नव्हता. खाली, कारकुनाच्या टेबलाशेजारी, भिंतीला टेकलेल्या साध्या खुर्चीत तो याच पदाच्या निवडणुकीतला उमेदवार म्हणून बसला होता.

ओसेज नदीकाठच्या त्या कौंटीत, म्हणजे जिल्ह्यात, मत तोंडाने द्यायचे असे. मतदाराने टेबलापुढे उभे राहून नाव सांगायचे, कारकुनाने लिहायचे, शेरीफने ते दारापर्यंत ऐकू जाईल असे ओरडायचे. आणि ज्याला मत पडले त्याने उठून, वाकून, त्या माणसाचे नावानिशी आभार मानायचे. पलीकडच्या खुर्चीत दुसरा उमेदवार बसला होता, मार्कस टॉलिव्हर, तरुण वकील. त्याला अजून एकदाही उठावे लागले नव्हते.

"बोल राइडली, कुणाला?" शेरीफने विचारले.

"प्रुएट."

"मोठ्यानं बोल की. उसना मका मागायला आलायस का?"

राइडलीच्या मागे त्याचा शेजारी जोएल मेझ उभा होता. डुकरांच्या कुंपणाच्या दाव्यावरून दोघे चार वर्षे बोलत नव्हते.

"राइडलीनं दिलं त्यालाच," मेझ म्हणाला. "जन्मात पहिल्यांदा. आणि शेवटचं!"

सगळे हसले. प्रुएटही हसला. या दोघांचे एका गोष्टीवर तरी एकमत झाले आणि ती गोष्ट आपण आहोत, याचे त्याला मनातून बरे वाटले.

त्यांच्यानंतर लोहार जेन्ट्री आला, ज्याचा खेचरावरून दावा होता. मग नावाडी होबॅक, ज्याचा धक्क्यावरून होता. प्रुएट उठला, वाकला, बसला. आता पीटर स्टॅम्पर येईल, असे त्याच्या मनात आले. आणि दारात पीटर स्टॅम्पर उभा होता.

ही नावे याच क्रमाने बुधवारपासून, कोर्ट बसल्यावर, तो स्वतः वरच्या आसनावरून वाचणार होता.

दाराच्या चौकटीला प्रुएटच्या पक्षाचा म्होरक्या कर्नल क्रेन टेकून उभा होता. मधूनच तो कोटाच्या खिशातून तपकिरी, चपटे असे काहीतरी अर्धवट बाहेर काढी, खाली पाही आणि अंगणातल्या कोणाला तरी हळूच काही सांगे. प्रुएटने सकाळी आपला खण उघडला होता. ज्या वहीत हा क्रम लिहिलेला होता ती दाव्यांची वही तिथे नव्हती. घरी, दिव्याशेजारी राहिली असेल, असे त्याने स्वतःला सांगितले होते. आताही त्याने तेच सांगितले.

स्टॅम्परनंतर इनॉक सॅली आला. म्हाताऱ्याने टोपी छातीशी धरली होती. टॉलिव्हरची आई वारल्यावर या मामानेच त्याला वाढवले होते. हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे साऱ्या माना टॉलिव्हरच्या खुर्चीकडे वळल्या.

"मामा, जरा टेका," टॉलिव्हर म्हणाला. "एवढ्या उन्हातून आलात."

इनॉकने त्याच्याकडे पाहिले नाही. "जजसाहेब, माझ्या बंधाऱ्याचा दावा गुरुवारीच ना?"

"त्याचा आणि मताचा काडीचा संबंध नाही, इनॉक."

"कर्नलही तेच म्हणाले. दोनदा म्हणाले. मी तर विचारलंही नव्हतं. बंधारा गेला की गिरणी गेली, साहेब. दुसरं काही नाही माझ्याकडं."

आता उठावे. मतदान थांबवावे. कर्नल, खिशात काय आहे ते टेबलावर ठेवा, एवढे एकच वाक्य बोलावे. ते वाक्य प्रुएटच्या ओठांपर्यंत आले. त्याने खुर्चीचे हात घट्ट धरले.

"लायसँडर," दारातून क्रेन प्रेमाने म्हणाला, "माणूस ताटकळलाय. गेल्या खेपेला एकोणीस मतांनी तरलास, विसरलास का?"

प्रुएटची बोटे सैल झाली. ऊन त्याच्या बुटांपर्यंत आले होते. त्याने पाय मागे घेतले. मागे भिंत होती.

"प्रुएट," इनॉक म्हणाला.

शेरीफने त्याला मोठ्याने बोलायला सांगितले नाही. त्याने स्वतःच नाव ओरडले. टॉलिव्हर टोपीची कड बोटांत फिरवत राहिला. सगळे वाट पाहत होते, कारण रीत बाकी होती. प्रुएट उठला, वाकला.

"आभारी आहे, मिस्टर सॅली."

"आभार कसले, जजसाहेब," म्हातारा म्हणाला आणि भाच्याच्या खुर्चीला वळसा घालून निघून गेला.

दारात क्रेनने या वेळी तपकिरी वही उघडपणे बाहेर काढली, बोटाला थुंकी लावली आणि पान उलटले.

वही घरी, दिव्याशेजारी नव्हती. शुक्रवारी संध्याकाळी क्रेनने ती मागितली होती. प्रुएटने स्वतः खण उघडून ती त्याच्या हातात दिली होती, आणि कशासाठी हवी ते विचारले नव्हते.