पान्याची जागा

जपानमधल्या सुवा शहरातल्या पंपांच्या कारखान्यात चिहारूमुळे आज तिसऱ्यांदा अख्खी लाइन थांबली. नोकरी जाणार, असं तिनं गृहीतच धरलं. म्हातारे मुकादम निशिगाकी हत्यारांच्या फळ्यापाशी आले. पाचदा ‘का’ विचारल्याशिवाय ते कुणालाच सोडत नसत. “का थांबलीस?” “पाना घ्यायला वळले.” “का वळलीस?” “फळा उजवीकडे आहे.” “उजव्या हातानं का घेत नाहीस?” “मी डावखुरी आहे.” “आधी का नाही बोललीस?” “लाज वाटली.” “का, पोरी?” “लहानपणी आजी डाव्या हातातल्या जेवणाच्या काड्या हिसकावून घ्यायची.” मागून कुणीतरी खुदकन हसलं. “दात काय काढतोस? फळा तूच टांगलास ना?” निशिगाकी गरजले. “चूक फळ्याची आहे, तिची नाही.” दुसऱ्या दिवशी फळा डावीकडे होता. निशिगाकी त्यावर पान्याची आकृती रंगवत होते, ब्रश डाव्या हातात धरून. “बघतेस काय? उचल तुझा पाना!”