कोणतं पान

नव्या जातीच्या पतंगाचं वर्णन लिहून होत आलं होतं. तिलारीच्या जंगलात दिव्यावर आलेली ही एकुलती एक मादी, नखाएवढी, राखाडी, पंखांवर तांबूस कोर. मृणालिनीनेच तिला औषधाच्या बाटलीत घालून मारलं होतं, टाचणीही तिनेच टोचली होती. नव्या जातीला नाव द्यायचं तर एक नमुना मारून जपावा लागतो. त्याचं तिला कधी काही वाटलं नव्हतं.

पंखाचं एक माप राहिलं म्हणून तिने पेटी उघडली, तर टाचणीच्या बुडाशी खसखशीएवढी अंडी चिकटलेली. म्हणजे टाचणी टोचली तेव्हा तिच्यात जीव होता.

"अळ्या निघाल्या तर नशीबच काढलंस!" तिचे सर खूश झाले. मृणालिनीने अंडी ब्रशने उचलून काचेच्या डबीत ठेवली.

आठवड्याने अळ्या निघाल्या, दोऱ्याच्या तुकड्यांसारख्या. तिने करवंदीची पानं दिली, जांभळीची दिली, कुंपणावरचा दिसेल तो पाला आणून घातला. अळ्या डोकं उचलून पान चाचपत आणि पाठ फिरवत. आई ज्या झाडावर अंडी घालते, त्याच झाडाचं पान त्यांना हवं होतं.

"जंगलात परत जाऊन बघू या," सर म्हणाले.

"तिथं शेकडो झाडं आहेत, सर. आणि या उद्यापर्यंतसुद्धा टिकायच्या नाहीत."

ते पान ठाऊक असलेली एकच जण त्या खोलीत होती. मृणालिनीने पेटी उघडली, डबी टाचणीपाशी नेली आणि हळूच म्हणाली, "सांग ना गं बाई, काय खातात तुझी पोरं?"