खरं तोंड
मिरजगावचा लालमहंमद पेंटर आयुष्यभर मेलेल्यांच्या तसबिरी रंगवत आला होता. घरचे जुना फोटो आणून देत; त्यावरून चेहरा काढायचा, गळ्यात हार घालायचा, खाली मृत्यूची तारीख टाकायची. बाहत्तर सालच्या यात्रेत तमाशातला सोंगाड्या तोंडाचा रंग धुऊन त्याच्यासमोर बसला. “माझी तसबीर तंबूवर लावायचीय, पेंटर. खरं तोंड काढा.” बसल्याबसल्या त्यानं असे किस्से सोडले, की हसून हसून लालमहंमदचा ब्रश हलायला लागला. सोंगाड्याचे डोळे मात्र हसत नव्हते. ते दिसले तसेच त्यानं रंगवले. शेवटी मागं सरून पाहिलं. हाताच्या सवयीनं जित्या माणसाच्या गळ्यात झेंडूचा हार पडला होता. “तोबा, चुकलं!” म्हणत त्यानं रॉकेलची चिंधी उचलली. सोंगाड्यानं मनगट धरलं. “ऱ्हाऊ द्या. तारीखबी सांगतो.” आणि तो बोटांवर दिवस मोजू लागला.