रुंद पडदा

"बाबा, तुम्हीच सांगा कोणता घ्यायचा," पियुष म्हणाला. "मोठ्यांना विचारल्याशिवाय आपल्या घरात वस्तू येत नाही."

मनोहररावांना बरं वाटलं. कोणालाही वाटेल हो! बायको गेल्यावर खाप्याचं, गावचं घर बंद करून ते शहरात धरमपेठेत मुलाच्या फ्लॅटवर राहायला आले, तेव्हापासून आज भाजी कोणती करायची हेसुद्धा त्यांना कोणी विचारलं नव्हतं. आणि आज एकदम प्रोजेक्टर! ते खुर्चीत सावरून बसले.

दुकानातून आलेल्या अनिशने स्टुलावर नमुन्याचं मशीन मांडलं होतं. खिडकीचे पडदे ओढलेले होते. मे महिन्याची दुपार, कूलर नुसता घरघरत होता.

"काका, दोन आकार आहेत," अनिश म्हणाला. "एक सोळा-नऊचा, टीव्हीसारखा. मॅच, बातम्या बरोबर बसते, पण सिनेमा लावला का वर-खाली काळे पट्टे येते. दुसरा हा रुंदवाला. याच्यात सिनेमा पुरा दिसते. पण आकार मशीनमधेच असते, एकदा घेतला का बदलत नाही. आणि रुंदले भिंत बी तेवढी लागते. लहान केला तर फीत लावल्यासारखा दिसन."

"मंग रुंदच घ्या ना!" मनोहरराव म्हणाले. "खाप्याले आमी तंबूत सिनेमा पाहो, तवा या टोकाचं त्या टोकाले पाहाले मान फिरवा लागे. त्या काळ्या पट्ट्यांले काय चाटाचं हाय?"

"ऐकलं ना?" पियुष बायकोकडे वळला. "बाबांनीच सांगितलं. नंतर कोणी काही म्हणायचं नाही."

हर्षाने मान हलवली. जरा लवकरच हलवली.

म्हाताऱ्याच्या शब्दाला त्या घरात असा अचानक भाव आला, तिथेच त्यांच्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. पण ते खुशीत होते. "थांब, चष्मा आणतो," म्हणत ते आपल्या खोलीत गेले.

अनिशने निळी चिकटपट्टी काढली आणि भिंतीवर पडद्याची खूण करायला घेतली. खिडकीपाशी सुरू झालेली पट्टी सरळ पुढे गेली. भिंत संपली तरी थांबली नाही. मनोहररावांच्या खोलीचं दार ओलांडून ती पलीकडच्या कोपऱ्याला जाऊन चिकटली. वरची पट्टी चौकटीच्या माथ्यावरून गेली, खालची दाराच्या तोंडावर कमरेएवढ्या उंचीवर आडवी ताणली गेली.

अनिश थबकला.

"दादा, हा दरवाजा चालू आहे काय? हा पडदा गुंडाळता येत नाही. कायमचा ठोकावा लागते."

"सध्या आहे," पियुष म्हणाला.

"पडदा यायले महिना लागन."

"मग झालं तर," हर्षा हलक्या आवाजात म्हणाली. "तोवर खोली मोकळी होते."

गेल्याच महिन्यात पियुषने खाप्याचं घर झाडून, रंगवून घेतलं होतं. नवा पंखासुद्धा बसवला होता. पोराला अजून गावच्या घराची ओढ आहे, असं मनोहरराव शेजारपाजारी सांगत फिरले होते. किती कौतुकाने सांगितलं होतं बिचाऱ्याने!

ते चष्मा लावून दारात आले आणि थांबले. पोटाशी निळी पट्टी आडवी आली होती. कूलरच्या घरघरीत त्यांना काय ऐकू गेलं, काय नाही, देव जाणे. पट्टी बाजूला करायला त्यांनी हात उचलला.

"बाबा, नका हात लावू," हर्षा घाईने म्हणाली. "माप आहे ते."

त्यांनी हात खाली घेतला. मग पट्टीच्या या टोकापासून खिडकीपर्यंत पाहिलं, आणि तिकडून परत आपल्यापर्यंत. हे करताना त्यांना मान फिरवावी लागली.

अनिशने मशीन सुरू केलं. भिंतभर हिरवंगार जंगल पसरलं. सगळीकडे नुसती पानंच पानं. फक्त उघड्या दारापाशी ते चित्र खोलीतल्या अंधारात घुसून नाहीसं होत होतं. त्या अंधारापुढे मनोहरराव उभे होते आणि त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर पानं हलत होती.

"एक नंबर!" अनिश म्हणाला. "तेवढं दारापाशी तुटून राह्यलं, बस."

"बाबा, दरवाजा ओढून घ्या ना जरा," पियुष म्हणाला. तो भिंतीकडेच बघत होता.

मनोहररावांनी कडीला हात घातला.

"ओढतो," ते म्हणाले. "आतून ओढू का भायेरून, तेवढं सांगून दे गा."